पेन्सिलीतले कर्नलसाहेब

कर्नल दामोदर बनसोडे गेल्यानंतर काही दिवसांनी आमच्या मुख्याध्यापकांनी मला बोलावून एक फोटो हातात दिला. साहेबांचा पूर्ण गणवेशातला फोटो. छातीवर पदकांची रांग, मान ताठ, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. त्यावरून मोठं तैलचित्र करायचं आणि शाळेच्या सभागृहात लावायचं. मी पलूसच्या या शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा हे काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. फोटो घरी आणला, कॅनव्हास ताणला आणि तिथेच अडले. त्या फोटोतला माणूस मी कधी पाहिलेलाच नव्हता. मी पाहिलेले कर्नलसाहेब कोपराला उसवलेला तपकिरी स्वेटर घालून ओट्यावर बसलेले असत आणि त्यांच्या हातात बहिणीची चप्पल असे.

आमचं गाव पलूसपासून थोडं पुढे, कृष्णेच्या काठाला. मी तिथे सून म्हणून आले तेव्हा साहेब नुकतेच निवृत्त होऊन परतले होते. साधा जवान म्हणून भरती झालेला माणूस परीक्षा देत देत अधिकारी झाला, कर्नल झाला, म्हणजे आता गावात मोठा बंगला उठणार असं सगळे धरून चालले होते. साहेबांनी बहिणीच्या जुन्याच घराला गिलावा केला, मागे एक न्हाणीघर बांधलं आणि एक जुनी स्कूटर घेतली. बास. पत्नी आधीच वारलेली, मुलगी डॉक्टर होऊन साताऱ्यात. घरात साहेब आणि त्यांची थोरली बहीण हिराक्का, दोघंच.

रविवारी सकाळी ते ओट्यावर पॉलिशची डबी उघडून बसत. आधी आपले बूट, मग अक्काच्या चपला. अक्काच्या चपला रबरी झाल्या तरी त्या ओल्या फडक्यानं पुसून उन्हात जोडीनं ठेवत. येणारेजाणारे आधी हसले, मग सवय झाली. अक्का मात्र शेवटपर्यंत कुरकुरत राहिली. ह्या दामूला कर्नल कुणी केला, असं ती आम्हां बायकांना विचारायची. आवाज मात्र असा, की त्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त.

साहेबांचा राग गावाला माहीत होता. रागावले की ते मराठी सोडून हिंदीत जात आणि फारच रागावले की गप्प होत. हिंदीला कुणी फारसं भीत नसे. गप्प झाले की मात्र माणसं आपोआप कामाला लागत.

मी त्यांना जवळून पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या क्रीडास्पर्धांच्या वेळी. ते प्रमुख पाहुणे होते आणि सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी येऊन मैदानाच्या कडेला स्कूटर लावून उभे होते. आमची धावपळ चाललेली. पाहुण्यांसाठी मांडव, मांडवात सोफे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. मुलं समोर उन्हात ओळीनं बसवलेली. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन, आमच्याकडे ते चांगलंच भाजतं. साहेबांनी मांडवाकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं आणि मुख्याध्यापकांना अगदी हळू विचारलं, की हे उलटं करता येईल का. मुख्याध्यापकांना कळेचना. मग साहेबांनीच सोफ्याचं एक टोक उचललं. दुसरं टोक उचलायला तीन शिक्षक धावले. थोड्या वेळात सगळी मुलं मांडवात आणि सगळे पाहुणे उन्हात अशी मांडणी झाली. एका पुढाऱ्यानं रुमाल डोक्यावर घेतला. त्या दिवशी भाषणं इतकी आटोपशीर झाली की तसा कार्यक्रम आमच्या शाळेत पुन्हा झाला नाही. साहेब स्वतः दोनच वाक्यं बोलले. पळा म्हणाले, आणि पडलात तर उठून पळा.

पुढे ते शाळेत येत राहिले. मुलं त्यांना नेहमीचाच प्रश्न विचारायची, साहेब, तुम्ही किती शत्रू मारले? याचं उत्तर त्यांनी कधीच दिलं नाही. ते खेचराची गोष्ट सांगत. बर्फातल्या ठाण्यावर रसद नेणारी खेचरं असत, त्यांतलं एक लक्ष्मी नावाचं. एकदा एका उतारावर लक्ष्मी थांबली ती हलेना. साहेबांनी ओढलं, ढकललं, हिंदीत बोलून पाहिलं. लक्ष्मी ढिम्म. शेवटी कंटाळून सगळ्यांनी तिथेच चहा टाकला. चहा उकळतो न उकळतो तोच समोरचा उतार खाली घसरून गेला, वाट आणि वाटेच्या कडेची झाडंसुद्धा.

"त्या दिवसापासनं," साहेब मुलांना सांगत, "माझ्या पलटणीत कोण न्हाई म्हणाला, तर मी आधी त्याला इचारायचो, का न्हाई म्हणतोस? मग रागवायचो."

मुलांना यात लढाई सापडत नसे, पण खेचर सगळ्यांच्या लक्षात राही. माझ्या वर्गात तर सैनिक काढा म्हटलं की निम्मी मुलं खेचरच काढायची.

पहाटे ते भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना मैदानावर पळवत. पळताना मुठी आवळू नका, सगळा जीव मुठीतच जातो, असं त्यांचं म्हणणं. निवड झालेल्यांचे पेढे ते खात नसत, गोड वर्ज्य होतं. नापास झालेल्यांना मात्र चहाला घेऊन जात. जत तालुक्यातली, मामाकडे राहणारी एक मुलगी पोलीस भरतीत दोनदा उतरली आणि दुसऱ्या वेळी वैद्यकीय तपासणीत बाहेर पडली. ती टपरीवरच्या बाकड्यावर बसून रडत राहिली आणि साहेब शेजारी बसून पेपर वाचत राहिले. समजूत घातली नाही, थांब म्हणाले नाहीत. तिचं रडून झाल्यावर पेपराची घडी घालून म्हणाले, बरं, आता पुढं? हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. बोअरला पाणी लागलं नाही, सून माहेरी गेली, पोरगं दहावीत नापास झालं, काहीही होवो, साहेब सगळं ऐकून घेत आणि म्हणत, बरं, आता पुढं? ती मुलगी आज एसटीत कंडक्टर आहे. एकदा मी तिच्याच गाडीत असताना साहेब चढले. तिनं गर्दीतून वाट काढत येऊन कडक सलाम ठोकला. साहेबांनी एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं तितकाच कडक सलाम परत केला आणि गाडी सांगलीला पोचेपर्यंत उभेच राहिले. कंडक्टर उभी असताना आपण कसं बसायचं, म्हणाले.

हे सगळं आठवतं, पण साहेब मला खरे दिसले ते महापुराच्या वर्षी.

नदीचं पाणी आमच्या खालच्या गल्लीपर्यंत तसं बऱ्याचदा येतं आणि परत जातं. त्या वर्षीही जाईल असं सगळे म्हणत होते. साहेब दोन दिवस आधीपासून दारोदार फिरून निघा म्हणून सांगत होते. काही निघाले, बरेच राहिले. आमच्या सासूबाईंचा पाय मोडून प्लास्टरमध्ये होता, मालक कामानिमित्त परगावी अडकलेले, मुलगी माझ्या कडेवर. रस्ते सुकले की निघू म्हणून मी थांबले. सकाळी उठून पाहिलं तर पाणी आमच्या उंबऱ्याला लागलेलं आणि पलूसकडचा रस्ता दिसेनासा झालेला.

राहिलेली सगळी माणसं ग्रामपंचायतीच्या गच्चीवर जमली. गावात इंजिनाची एकच नाव होती आणि ती चालवणारा संभा. मोठी मदत सगळीकडेच लागली होती, आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागणार होता. साहेबांनी कुणी न सांगता सगळं हातात घेतलं. आधी आजारी, बाळंतिणी, लेकुरवाळ्या, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. पंचायतीच्या पायरीशी छातीभर पाण्यात उभं राहून ते नावेचा दोर धरत आणि एकेकाला आत घेत.

आमची खेप आली तेव्हा दुपार झाली होती आणि पाणी वाढत होतं. तोवर शिस्तीत चाललेली माणसं बिथरली. सासूबाईंना उचलून आत ठेवलं, मी मुलीला घेऊन बसले, आणि मागून माणसं घुसायला लागली. हिराक्का आधीच आत होती. साहेबांची बहीण म्हणून लोकांनीच तिला मानानं बसवलेलं. बघता बघता नाव इतकी भरली की काठ पाण्याला टेकायला आला. संभा म्हणाला, एवढी माणसं घेऊन मी न्हाई काढणार. चारपाच जण उतरा. कुणी हललं नाही. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता, आणि मग कुणीच कुणाकडे पाहीना.

साहेब हिंदीत बोलतील असं मला वाटलं. ते गप्प झाले. नावेतल्या प्रत्येकाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, तू उतर."

अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिचं वय तेव्हा साठीच्या बरंच पुढं होतं. म्हणजे तिची जागा हक्काचीच होती, यादीनं पाहिलं तरी आणि नात्यानं पाहिलं तरी. ती एवढंच म्हणाली, "व्हय रं?" मग लुगड्याचा काचा खोचला, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाण्यात उतरली. साहेबांनी तिला पायरीवर चढवलं आणि परत वळून दोन धडधाकट माणसांची नावं घेतली. ते दोघं निमूट उतरले. त्यांच्या मागोमाग आणखी दोघं, त्यांची तर नावंही घ्यावी लागली नाहीत. मीही उठायला लागले तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, तुमी बसा. पोरगी घट्ट धरा."

नाव निघाली. मागे वळून पाहिलं तर अक्का पंचायतीच्या जिन्यावर भिजलेला पदर पिळत उभी होती.

आम्हाला उंचावरच्या रस्त्याला सोडलं, तिथून ट्रॅक्टरनं शाळेत आणलं. आमचीच शाळा, पण त्या दिवशी वर्गावर्गात माणसं. नंतरच्या खेपेला बराच उशीर झाला. मधेच इंजिन बंद पडल्याचं कुणीतरी येऊन सांगितलं. मी फाटकाशी उभी होते. माझ्यासारखे आणखीही होते, त्यांत ज्यांना आधी उतरायचं नव्हतं तेही होते. दिवस मावळायच्या आधी शेवटचा ट्रॅक्टर आला. त्यात सगळ्यांच्या मागे साहेब आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर खताचं पोतं पांघरलेली अक्का. ती उतरल्यावर मी तिचे हात धरले. अक्का म्हणाली, पोरगीला काय खायला घातलंस का? आधी ते बघ.

त्यानंतरचे दिवस शाळा साहेबांनी चालवली. पहिल्याच दिवशी स्वयंपाक कुठल्या गल्लीच्या बायका करणार यावरून कुजबुज सुरू झाली. तिचा अर्थ साहेबांना कळला नसेल असं होणं शक्य नव्हतं, ते स्वतः कुठल्या गल्लीत वाढले हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी उपदेश केला नाही. विळी ओढून कांदे चिरायला बसले आणि कुजबुजणाऱ्यांनाच नाव घेऊन शेजारी बसवलं. कांदा चिरताना सगळेच रडतात, म्हणाले, त्यामुळं कोण कशापायी रडतंय ते कळत न्हाई. त्यावर एक म्हातारा पहिल्यांदा हसला. त्या दुपारी सगळे एका पंगतीत जेवले आणि पुढं तसेच जेवत राहिले.

मुलं कंटाळली होती. मी कपाटातल्या कोऱ्या उत्तरपत्रिका काढून त्यांना चित्रं काढायला बसवलं. नाव काढा, पाणी काढा, काहीही काढा. साहेब दारात येऊन उभे राहिले आणि मग मागच्या बाकावर येऊन बसले. त्या दिवसांत मी त्यांना प्रथमच रिकामं बसलेलं पाहत होते. गुडघे बाकात मावत नव्हते. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, अंगात कुणाचातरी आखूड शर्ट. मी शेजारच्या मुलाची पेन्सिल घेतली आणि विचारलं, साहेब, तुमचं काढू का? ते म्हणाले, काढा, पण मला कुणी हाक मारली तर मी उठनार.

मला ठाऊक होतं, फार वेळ मिळणार नाही. मी आधी कपाळ आणि गालाचं हाड धरलं, मग मिटलेलं तोंड. हात भरभर चालत होता. साहेब खिडकीबाहेर पाहत आपणहून बोलायला लागले.

त्यांचे आईवडील मूळचे खटावकडचे. दुष्काळात कोयनेच्या धरणावर मजुरीला गेले आणि कोयनानगरच्या एका झोपडीवजा घरात संसार थाटला. भूकंप झाला तेव्हा साहेब लहान होते. घर सगळ्यांच्या अंगावर आलं. आईवडील जागच्या जागी गेले. अक्का कशीबशी बाहेर निघाली आणि भाऊ आत आहे म्हणून ओरडत राहिली. आत साहेबांना काही दिसत नव्हतं. मग दगडांच्या फटीतून एक हात आला आणि त्या हातानं त्यांचं मनगट धरलं. वरचे दगड काढून होईपर्यंत तो हात तसाच होता.

"तोंड काय दिसलं न्हाई मला," साहेब म्हणाले. "जवान हुता का धरनावरचा मजूर, आजपातूर ठाव न्हाई. मी आपलं ठरवून टाकलं, जवान हुता."

अक्कानं त्यांना सोबत घेऊन आमच्या गावी मामाकडे आणलं. ती सांगलीला हळदीच्या गोदामात कामाला जायची आणि पिवळे हात घेऊन संध्याकाळी परतायची. भाऊ शिकेपर्यंत तिनं लग्नाचा विषय काढू दिला नाही आणि नंतर तो कुणी काढला नाही.

मी पेन्सिल थांबवली. जे विचारायचं होतं ते विचारून टाकलं. अक्कांना उतरवताना भीती नाही वाटली का?

"वाटली की. लय वाटली." मग म्हणाले, "दुसऱ्याच्या मानसाला उतर म्हनायचं, तर आधी आपलं मानूस उतरवावं लागतं, बाई. न्हाईतर त्यो हुकूम न्हवं, नुसता आवाज."

तेवढ्यात बाहेरून हाक आली, दुधाची गाडी आली होती. ते उठले. डाव्या डोळ्याची नुसती रेघ झाली होती, कान राहिलाच होता. त्यांनी कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

"ही तर अक्का हाय," म्हणाले.

मी पाहिलं आणि खरंच, तेच गालाचं हाड, तेच मिटलेलं तोंड. तो कागद ते घेऊन गेले. वऱ्हांड्यात डाळ निवडत बसलेल्या अक्काला दाखवला. अक्कानं तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला आणि मला म्हणाली, सगळं बेस काढलंस, पर मला मिशा कशाला काढल्यास? त्या भरल्या वऱ्हांड्यात किती दिवसांनी एवढं मोठं हसू झालं. साहेबही हसले. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे मला तेव्हा कळलं.

पाणी ओसरल्यावर अक्कानं तो कागद भाताच्या शितानं स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवला. पुढं काही वर्षांनी ती झोपेतच गेली. बोलवायला आलेल्या माणसाच्या मागोमाग मी गेले, तर साहेब ओट्यावर बसलेले. आम्ही काही बोलायच्या आधीच म्हणाले, गेली, आणि पुढचं नेहमीचं वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून आलं नाही. मुलीनं त्यांना साताऱ्याला नेलं. हृदयाचं दुखणंही निघालं होतं. घर बंद झालं. तो कागद आत आहे की नाही, मला माहीत नाही.

माझ्या सासूबाई त्या पुरानंतर काही वर्षं जगल्या. मुलगी आता शाळेत जाते. नावेतलं तिला काही आठवत नाही, मी सांगते तेवढंच.

गेल्या दिवाळीनंतर चित्रकलेच्या परीक्षेचे कागद तपासायला मी साताऱ्याला गेले होते. काम आटोपल्यावर साहेबांना भेटायला गेले. शहराबाहेर, हायवेच्या कडेच्या रस्त्यावर मुलीचं घर. साहेब बारीक झाले होते. त्यांनी नदीचं विचारलं, संभाचं विचारलं, माझी मुलगी अजून झाडांना निळी पानं काढते का ते विचारलं. निघताना म्हणाले, एसटीपर्यंत येतो. डॉक्टर मुलगी नको म्हणाली. ते स्लिपर घालून पुढे निघालेसुद्धा.

थांब्यावर गाडी लगेच आली. मी चढले, खिडकीशी बसले. गाडी सुटणार तोच रस्त्यात मेंढरं आली. माझं माहेर आटपाडीकडचं, धनगराचं. माणदेशातले कळप या दिवसांत घाटाखाली निघतात हे मला ठाऊक होतं, पण इतका मोठा कळप मी पुष्कळ वर्षांत पाहिला नव्हता. घोड्यावर सामान, वर कोंबड्या, पुढं एक बाई. मागून एक ट्रक भोंगा वाजवत आला आणि कळप मधेच फुटला. निम्मी मेंढरं अलीकडे, निम्मी पलीकडे.

साहेब रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. स्लिपर, तपकिरी स्वेटर, एक हात ट्रकसमोर वर केलेला. ट्रकवाला खिडकीतून काहीतरी म्हणाला. साहेबांनी उत्तर दिलं नाही. भोंगा बंद झाला. कळप पुन्हा एक होऊन जायला लागला, त्यांच्या दोन्ही बाजूंनी, गुडघ्यांना घासत. त्या लोकरीच्या पाण्यात ते कमरेपासून वर तेवढे दिसत होते.

सगळी गेली असं वाटून ट्रकनं पुन्हा घुरघुर केली, पण एक लंगडी मेंढी मागं राहिली होती. ती चार पावलं टाकायची, थांबायची. साहेबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि हात तसाच ठेवला. आमची गाडी हलली. मी खिडकीतून मागे वाकून पाहत राहिले. मेंढी रस्त्याच्या मध्यावर होती आणि साहेबांचा हात वर होता. ते मला शेवटचे दिसले ते असे, आणि कोऱ्या कॅनव्हासवरही मला तेच दिसतात.